सम्राट अशोक : ‘पासंड’ या शब्दाच्या अनुषंगाने एक चरित्र

मराठीत एखाद्याला पाखंडी म्हटले, तर ती शिवी ठरते. प्रस्थापित धर्ममत सोडून भलतेच प्रतिपादन करणारा, हा तिचा एक अर्थ; आणि वरून साधुत्वाचा आव आणून आतून वेगळेच वागणारा ढोंगी, हा दुसरा. वास्तविक या दोन अर्थांचा परस्परांशी अपरिहार्य असा संबंध नाही. प्रचलित मत उघडपणे नाकारणारा माणूस बहुधा ढोंगी नसतो. ढोंगच करावयाचे, तर ते प्रचलित मताच्या आश्रयाने करणे कितीतरी सोयीचे असते. तरीही एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत. ज्ञानेश्वरीत आणि तुकारामांच्या गाथेत ‘पाखांड’ या रूपाने हा शब्द भेटतो, तेथेही त्याला निंदेची छटा आहेच.

विद्यार्थिमित्रहो, या शब्दाचा काळ निश्चित सांगता येईल असा सर्वांत जुना पुरावा मात्र ग्रंथांत नसून दगडावर आहे आणि तेथे त्यात निंदेचा लवलेशही नाही. तो पुरावा म्हणजे मौर्य सम्राट अशोकाचे शिलालेख. अशोकाचे चरित्र आपण शालेय पुस्तकांपासून वाचत आलो आहोत. प्रस्तुत पाठात ते या एका शब्दाच्या बाजूने पुन्हा पाहावयाचे आहे. कारण या राजाने तो शब्द केवळ वापरला नाही, तर आपल्या राज्यकारभाराचा एक मोठा भाग त्यावर उभा केला.

प्रथम शब्दाच्या रूपाविषयी. संस्कृतात ‘पाषंड’, अशोककालीन प्राकृतात ‘पासंड’ आणि मराठी-हिंदीत ‘पाखंड’ अशी त्याची रूपे आहेत. मूर्धन्य ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा करण्याची प्रथा पुष्कळ प्रदेशांत होती; भाषा या शब्दाचे ‘भाखा’ झाले, त्याच रीतीने पाषंडाचे पाखंड झाले. व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध परिषद, पार्षद या शब्दांशी, म्हणजे एकत्र बसणाऱ्या मंडळींशी जोडतात. आजच्या पाकिस्तानातील शाहबाझगढी येथील लेखात आढळणारे रकारयुक्त रूप त्यांना या मताची पुष्टी करणारे वाटते. याउलट ‘पा’ म्हणजे रक्षण करणारा वेदधर्म आणि त्याचे ‘खंडन’ करणारा तो पाखंड, अशी एक फोड परंपरेत सांगितली जाते. ही फोड शब्दाच्या उगमापेक्षा ती करणाऱ्यांच्या दृष्टीविषयीच अधिक सांगते.

घराणे आणि पूर्वायुष्य

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. त्याचा राज्याभिषेक सुमारे इ.स.पू. २६८ मध्ये झाला असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या तरुणपणाविषयी समकालीन पुरावा जवळजवळ नाही; जे आहे ते कित्येक शतकांनंतर रचलेल्या बौद्ध ग्रंथांतून आलेले आहे. तो उज्जयिनीचा अधिकारी होता, विदिशेच्या एका व्यापाऱ्याच्या कन्येशी त्याचा संबंध आला आणि महेंद्र व संघमित्रा ही त्यांची मुले, असे सिंहली परंपरा सांगते. तक्षशिलेचे बंड शमविण्यास त्याला पाठविले होते, असे उत्तरेकडील परंपरा सांगते. सिंहासनासाठी त्याने नव्व्याण्णव भावांचा वध केल्याची कथाही प्रसिद्ध आहे. पण त्याच्याच एका शिलालेखात भावांच्या घरादारांचा उल्लेख येतो, तेव्हा ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. धर्मांतरापूर्वीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका नंतरचा अशोक उजळ दिसतो, ही ग्रंथकारांची सोय येथे लक्षात घ्यावी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या घराण्याची एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जैन परंपरेनुसार चंद्रगुप्ताने आयुष्याच्या अखेरीस जैन दीक्षा घेतली आणि श्रवणबेळगोळ येथे देह ठेवला. बिंदुसाराच्या दरबारात आजीविक पंथाच्या साधूंना स्थान होते, असे बौद्ध कथांवरूनच दिसते. अशोक स्वतः बुद्धाचा उपासक झाला. या परंपरा खऱ्या मानल्या, तर तीन पिढ्यांचे तीन वेगळे मार्ग झाले. गंगेच्या खोऱ्यात त्या काळी वेदप्रामाण्य मानणारे ब्राह्मण होते, तसेच ते न मानणारे बौद्ध, निर्ग्रंथ म्हणजे जैन आणि आजीविक हे श्रमणही होते. अशा प्रत्येक मंडळीला, तिचे मत आणि तिचा आचार यांसह, पासंड म्हणत. आज आपण पंथ किंवा संप्रदाय म्हणतो, त्याच्या जवळचा हा अर्थ आहे. अशोकाच्या लेखांत बौद्धांचा संघ हाही इतरांसारखाच एक पासंड ठरतो. राजा स्वतः ज्या मार्गाचा, तोही त्यातून सुटत नाही.

कलिंग आणि त्यानंतर

अभिषेकानंतर आठ वर्षांनी अशोकाने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच दिलेल्या आकड्यांनुसार दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख रणात मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. विजेत्या राजाने आपल्या विजयाचा हिशेब पश्चात्तापाच्या भाषेत मांडावा, ही गोष्ट प्राचीन जगात विरळच. त्या लेखातील एक तपशील मात्र सहसा वाचकांच्या नजरेतून निसटतो. राजाचे दुःख केवळ मेलेल्यांच्या संख्येचे नाही. त्या भूमीत ब्राह्मण, श्रमण आणि इतर पासंडांचे लोक राहत होते, आईवडिलांची व वडीलधाऱ्यांची सेवा करणारे गृहस्थ राहत होते. त्यांच्यावर आणि त्यांच्या जिवलगांवर हा घाला पडला, हे त्याला अधिक बोचते. माणसे कोणत्या ना कोणत्या पासंडावर श्रद्धा ठेवून जगत नाहीत असे ठिकाणच नाही, असेही तो त्याच लेखात नोंदवितो.

तो बौद्ध उपासक एका रात्रीत झाला नाही. लहान शिलालेखांत तो स्वतः सांगतो की, उपासक होऊन अडीच वर्षे उलटली असली, तरी पहिले वर्षभर आपला उत्साह बेताचाच होता. पुढे संघाशी निकटचा संबंध आल्यावर तो वाढला. अभिषेकाच्या दहाव्या वर्षी तो बोधगयेला गेला. पूर्वीच्या राजांच्या शिकारीच्या सहलींऐवजी धर्मयात्रा सुरू झाल्या आणि त्यांत ब्राह्मण व श्रमण या दोहोंच्या भेटी व दाने ठरलेली असत.

बाराव्या वर्षापासून शिलालेख कोरले जाऊ लागले. त्यांपैकी बारावा लेख सर्वस्वी पासंडांविषयी आहे. त्याचा आशय असा : राजा सर्व पासंडांचा, त्यांतील संन्याशांचा आणि गृहस्थांचा, दान व सन्मान देऊन आदर करतो, परंतु सर्वांच्या ठायी जे सारभूत आहे त्याची वाढ व्हावी, हे त्याला दानापेक्षा मोठे वाटते. त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. प्रसंग नसताना आपल्या पासंडाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये. प्रसंग असला तरी ती माफक असावी. आपल्या पंथाचे तेज वाढावे या हेतूने जो दुसऱ्याला कमी लेखतो, तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे.

हा उपदेश वाचताना तो सौम्य वाटतो, पण त्यातील एक गोष्ट नीट पाहावी. सर्व पंथ एकच आहेत, असे अशोक म्हणत नाही. ते वेगळे आहेत, वेगळे राहणार आहेत, त्यांच्यात वाद होणार आहेत, हे त्याने गृहीत धरले आहे. मतभेद मिटविण्याऐवजी मतभेद असतानाचे बोलणे सुधारावे, एवढेच तो मागतो. आणि ते केवळ उपदेशावर सोडून देत नाही. अभिषेकाच्या तेराव्या वर्षी त्याने धर्ममहामात्र हा अधिकाऱ्यांचा नवा वर्ग निर्माण केला आणि सर्व पासंडांची काळजी वाहणे हे त्यांचे काम ठरविले.

सातव्या शिलालेखात तर तो एका ओळीइतकीच साधी इच्छा व्यक्त करतो : सर्व पासंडांनी राज्यात सर्वत्र राहावे. आज या वाक्यात विशेष काही जाणवत नाही. त्याचे वजन कळण्यासाठी कौटिल्याचे अर्थशास्त्र शेजारी ठेवावे लागते. त्या ग्रंथाच्या काळाविषयी वाद आहेत. पण त्यातील नगररचनेच्या प्रकरणात पाषंडांना वस्तीसाठी जागा नेमून दिली आहे, ती स्मशानाच्या कडेला, चांडाळांसोबत. धर्मशाळेत उतरणाऱ्या पाषंडी प्रवाशांची वर्दी अधिकाऱ्याला द्यावी, असाही नियम तेथे आहे. म्हणजे शब्दाला वाईट वास येण्याची प्रक्रिया कोठेतरी सुरू झालेली होती, किंवा लवकरच व्हावयाची होती. एका बाजूला स्मशानाची कड आणि दुसऱ्या बाजूला सर्वत्र, असा हा फरक आहे.

बराबरच्या गुहा

राजाच्या शब्दांची परीक्षा त्याच्या खर्चावरून करावी. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेस बराबर नावाच्या टेकड्या आहेत. तेथील कठीण ग्रॅनाइटच्या खडकात खोदलेल्या आणि आतून आरशासारख्या घोटलेल्या दोन गुहा अशोकाने अभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविकांना दिल्या. आजीविक हे मक्खलि गोसालाचे अनुयायी. सर्व काही नियतीने ठरलेले आहे, मनुष्याच्या प्रयत्नाने त्यात काही बदल होत नाही, असे त्यांचे मत होते. कर्म आणि प्रयत्न यांवर भर देणाऱ्या बौद्धांना हे मत अत्यंत घातक वाटे. बौद्ध ग्रंथांत गोसालावर झालेली टीका अतिशय कठोर आहे. तेव्हा आपल्याच गुरुपरंपरेने सर्वांत त्याज्य ठरविलेल्या मताच्या साधूंना पावसाळ्यात निवारा मिळावा म्हणून एका बौद्ध उपासकाने हे खोदकाम करविले. बाराव्या शिलालेखाचा याहून स्पष्ट भाष्यग्रंथ सापडणार नाही. पुढे अशोकाचा नातू दशरथ यानेही जवळच्याच नागार्जुनी टेकडीवर आजीविकांना गुहा दिल्या.

नंतर केव्हातरी कोणीतरी बराबरच्या लेखांतील आजीविक हे नाव छिन्नीने खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. ते अजूनही वाचता येते.

ग्रीक भाषांतर

अशोकाच्या राज्याच्या पश्चिम सीमेवर ग्रीक भाषिकांची वस्ती होती. अफगाणिस्तानातील कंदाहार येथे बाराव्या लेखाचा शेवटचा आणि तेराव्याचा सुरुवातीचा भाग ग्रीक भाषेत सापडला आहे. भाषांतरकाराने पासंड या शब्दासाठी जो ग्रीक शब्द योजला, तो तत्त्वज्ञांच्या शाळेसाठी वापरला जाणारा ‘दिआत्रिबे’ हा होय. त्या काळच्या एका सुशिक्षित परभाषकाला पासंड म्हणजे काय वाटत होते, याचा हा पुरावा कोणत्याही कोशापेक्षा मोलाचा आहे. त्याला त्यात दोष दिसला नाही. विचारांची एक शाळा दिसली.

ग्रीक भाषेतच ‘हैरेसिस’ असा दुसरा एक शब्द होता. निवड, आणि त्यावरून निवडलेले मत किंवा तत्त्वज्ञांचा संप्रदाय, असा त्याचा निरुपद्रवी अर्थ होता. ख्रिस्ती धर्मसंस्था स्थिरावल्यावर अधिकृत सिद्धांतापासून ढळणे या अपराधाचे ते नाव झाले आणि युरोपात त्या नावाखाली माणसे जाळली गेली. इंग्रजीतील ‘हेरेसी’ तो हाच. मराठी ख्रिस्ती लेखनात त्यासाठी पाखंड हाच प्रतिशब्द योजला जातो. एकाच भाषाकुळाच्या दोन टोकांना संप्रदायवाचक शब्द अपराधवाचक झाले आणि शेवटी एकमेकांचे भाषांतर म्हणून भेटले.

संघभेदाचा लेख

येथवरचा अशोक एकसंध दिसतो. परंतु सांची, सारनाथ येथील स्तंभांवर आणि मूळच्या कौशांबीच्या, आज प्रयागराज (पूर्वीचे अलाहाबाद) येथे असलेल्या स्तंभावर त्याचा आणखी एक आदेश आहे आणि त्याचा सूर निराळा आहे. जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील, त्याला पांढरी वस्त्रे नेसवून भिक्षूंच्या निवासाबाहेर काढावे, असे त्यात फर्मावले आहे. पांढरी वस्त्रे गृहस्थाची. अर्थात भिक्षुपद काढून घ्यावे, हा आशय. आदेशाची प्रत उपासकांनाही मिळावी आणि अधिकाऱ्यांनी उपोसथाच्या दिवशी जाऊन त्याची अंमलबजावणी पाहावी, अशी तरतूद सारनाथच्या लेखात आहे.

इतर सर्वांना आपापल्या मताने राहू देणाऱ्या राजाने स्वतःच्या पंथात मात्र भेद खपवून घेतला नाही, असा याचा अर्थ लावावा काय? उत्तर सोपे नाही. बौद्ध विनयात संघभेद म्हणजे निव्वळ वेगळे मत बाळगणे नव्हे. एकाच सीमेत वेगळा उपोसथ, वेगळी संघकर्मे सुरू करणे म्हणजे भेद. लेखात कोणत्याही सिद्धांताचे नाव नाही आणि भेद करणाऱ्यांना पासंड असेही संबोधलेले नाही. बाहेर पडून स्वतंत्र पंथ स्थापण्यास त्याची हरकत दिसत नाही. आत राहून मोडतोड करण्यास दिसते. इतके मान्य करूनही, संघाच्या अंतर्गत शिस्तीसाठी राजसत्तेचे अधिकारी धाडणे ही गोष्ट बाराव्या लेखातील संयमाशी सहज जुळत नाही, हे प्रस्तुत लेखकाला नमूद करावेसे वाटते. यज्ञातील पशुहत्या आणि विशिष्ट उत्सव-मेळावे यांवर त्याने घातलेली बंदी, किंवा नवव्या लेखात स्त्रियांच्या मंगलविधींना त्याने दिलेला निरर्थकतेचा शेरा, हेही याच संदर्भात पाहावे. त्याच्या सहिष्णुतेला कडा होत्या.

सिंहली महावंसात ही कहाणी पुष्कळ पुढे जाते. राजाश्रयाच्या लोभाने परमतवादी भिक्षुवेष घेऊन संघात शिरले, त्यामुळे सात वर्षे उपोसथ बंद पडला. तो सुरू करविण्यासाठी पाठविलेल्या अमात्याने नकार देणाऱ्या भिक्षूंचीच मुंडकी उडविली. अखेर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांच्या मार्गदर्शनाखाली पाटलिपुत्रात साठ हजारांना संघाबाहेर काढून तिसरी संगीती भरली, अशी ती कथा. उत्तरेकडील अशोकावदान त्याहूनही भीषण आहे. निर्ग्रंथाच्या पायाशी बुद्ध नमलेला आहे असे चित्र काढल्याबद्दल पुंड्रवर्धनात अठरा हजार आजीविक मारविले गेले, असे त्यात येते. पुढे निर्ग्रंथांच्या मस्तकासाठी इनाम लागले आणि त्यात राजाचाच भाऊ चुकून बळी पडला. शिलालेखांत या कत्तलीचा मागमूस नाही आणि त्याच आजीविकांना दिलेल्या गुहा आजही उभ्या आहेत. मग या कथा का रचल्या गेल्या असाव्यात? त्या रचणाऱ्यांना परपंथीयांचा नाश करणारा अशोक हवा होता. शब्दाचा अर्थ बदलला की त्या शब्दाशी निगडित असलेल्या माणसाचे चरित्रही बदलून लिहिले जाते, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

अखेर, आणि शब्दाचे पुढे काय झाले

अशोकाचा शेवटचा मोठा लेख अभिषेकानंतर सत्तावीस वर्षांनी कोरला गेला. तो टोपरा येथील स्तंभावर असून तो स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीस आणविला. आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ आणि इतर पासंड या सर्वांसाठी अधिकारी नेमल्याचे राजा तेथे पुन्हा सांगतो. संघभेदाचा आदेश काढणाऱ्याच राजाची ही भाषा आहे. इ.स.पू. २३२ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. अखेरच्या दिवसांत त्याची सत्ता काढून घेतली गेली आणि संघाला देण्यास त्याच्याजवळ अर्धा आवळा तेवढा उरला, अशी कथा अवदानांत आहे.

त्यानंतर शब्द घसरत गेला. मनुस्मृतीत पाषंडांचा शब्दानेही सत्कार करू नये असे विधान आले आणि राजाने त्यांना नगरातून घालवून द्यावे असेही आले. पुराणांत वेदबाह्य मतांचे ते सामान्य नाव झाले. बौद्धही मागे राहिले नाहीत. पाली ग्रंथांत पासंड म्हणजे बौद्धेतर, चुकीच्या मार्गाचे लोक, असा वापर रुळला. थोडक्यात, प्रत्येकाने तो शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवला. मूळ तटस्थ अर्थासाठी मराठीत मत, पंथ, मार्ग, संप्रदाय हे शब्द आले.

अशोकाच्या बिरुदाचीही हीच गत झाली. ‘देवानांप्रिय’ म्हणजे देवांना प्रिय; पण पुढील काळातील संस्कृत व्याकरणपरंपरेत, भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत, या समासाचा अर्थ मूर्ख असा दिला आहे. यामागे बौद्ध राजाविषयीचा आकस होता की केवळ उपहासाची लोकरूढी होती, याविषयी मतभेद आहेत.

ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या लुप्त झाल्यामुळे पासंडाचा जुना अर्थ दगडावर असूनही कोणास कळत नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली. महाराष्ट्रात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. धर्मयात्रेत ब्राह्मण आणि श्रमण या दोहोंच्या भेटी घेण्याचा जो उल्लेख वर आला, तो याच लेखातील. १९५६ मध्ये जवळच्याच भुईगाव येथे आणखी एक तुकडा हाती आला. यावरून कोकण किनाऱ्यावरील या प्राचीन बंदरात चौदा लेखांचा पूर्ण संच कोरलेला असावा असे मानतात. त्यातील बाराव्या लेखाचा भाग अद्याप सापडलेला नाही.